बिनबोलावलेला राखण्या

मित्रांनो, मला हात नाहीत आणि पाय नाहीत, तरीही माझ्यामुळे एका माणसाचा जीव गेला. दुसऱ्या एकाचा डोळा गेला. आणि हे सारे मी लोकांचे भले करायला निघालो असताना घडले.

मी एक जुना प्रोग्रॅम आहे. एका संगणकातून दुसऱ्यात आपण होऊन शिरणारा, तिथे स्वतःची प्रत बनवणारा, आणि ती प्रत तिसऱ्याकडे धाडणारा. अशा प्रोग्रॅमला लोक किडा म्हणतात. मला घडवणाऱ्या बाईने मात्र माझे नाव राखण्या ठेवले होते. आज मी एका तंत्रशाळेतल्या संगणकात बंद आहे. त्या संगणकाला बाहेरच्या जगाची एकही तार जोडलेली नाही. माझ्या शेजारीच चौकशीच्या वेळचे सगळ्यांचे जबाब ठेवलेले आहेत, म्हणून जे मी डोळ्यांनी पाहिले नाही तेही मला ठाऊक आहे.

माझा जन्म रागातून झाला.

पत्रा ठोकून त्याचे भाग बनवणारा एक कारखाना होता. तिथे दोन ओळींत बत्तीस प्रेस मशिनी होत्या. प्रेस म्हणजे वरून हत्तीच्या वजनाचा ठोकळा खाली येतो आणि एका घावात पत्र्याला आकार देतो. प्रत्येक प्रेसला एक छोटा संगणक होता आणि त्या बत्तीस संगणकांची देखभाल एक बाई करायची. तिला सगळे ताई म्हणायचे. तिचा धाकटा भाऊ तिथेच प्रेसवर होता आणि दिवसभर त्याचे ‘ताई, हे बघ’, ‘ताई, ते बघ’ चालायचे. ती हाक साऱ्या कारखान्याला लागली. निवृत्तीला आलेला फोरमनसुद्धा तिला ताईच म्हणायचा. भावाला लोक पैलवान म्हणायचे. अंगाने तो आडदांड होता, पण सुई टोचायची म्हटले की ताईचा पदर शोधायचा.

त्या सुमारास एक दुष्ट किडा सुटला होता. कोणी सोडला ते आजवर कळलेले नाही. कामगारांनी त्याला उधळ्या म्हणायला सुरुवात केली, कारण तो शिरला की मशीन बैलासारखी उधळायची. मशीन बनवणाऱ्या कंपनीने संगणकात एक दार चुकून उघडे ठेवले होते, तिथून तो आत यायचा. आला की गप्प बसायचा आणि कधीतरी, कोणी काही न दाबता, ठोकळा खाली सोडायचा.

एके दिवशी सकाळी अकरा वाजता पैलवान पत्रा नीट बसवत होता. तांबडा दिवा लागलेला होता, म्हणजे मशीन थांबलेली होती. सगळे नियमाप्रमाणे होते. तेवढ्यात ठोकळा आला. आवाज रोजचाच होता, म्हणून शेजारच्याने मानही वर केली नाही. मग पैलवान ओरडला, तेव्हा बत्तीसच्या बत्तीस मशिनी थांबल्या.

त्याचा उजवा हात आत होता. ठोकळा वर घ्यावा तर संगणक ऐकेना. ताई धावत आली. तिने भावाचे डोके छातीशी धरले आणि दुसऱ्या हाताने बटणे दाबत राहिली. चार मिनिटे पैलवान तसाच उभा होता. रक्त पत्र्यावरून ओघळून त्याच्या बुटात जात होते.

“ताई,” तो म्हणाला, “आईला सांगू नकोस हं.”

शेवटी कारखान्याचा म्हातारा वायरमन पहार घेऊन मशीनवर चढला आणि त्याने बाजूचे चाक हाताने फिरवून ठोकळा बोट बोट वर नेला. या वायरमनला सगळे ब्रेककाका म्हणायचे, कारण कोणी काहीही करायला निघाले की त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे : “थांब जरा.” त्या दिवशी मात्र ते कोणाला थांब म्हणाले नाहीत. पैलवानाची चार बोटे गेली. अंगठा तेवढा राहिला.

मालकाने मशीन बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. उत्तर आले, “दार बंद करायचं काम चालू आहे. दोन महिने लागतील. तोवर जपून चालवा.”

“जपूनच चालवत होता तो,” ताई म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने मला लिहायला घेतले.

अकरा दिवसांत मी तयार झालो. रविवारी सकाळी, कारखान्यात चिटपाखरू नसताना, तिने मला पहिल्या प्रेसमध्ये सोडले. उधळ्या ज्या दाराने शिरला होता त्याच दाराने मी शिरलो. तो आत दोन रूपांत बसला होता. एकाला मारले की दुसरा त्याला जिवंत करायचा. ताईला ते ठाऊक होते. मी दोघांच्या नरड्याला एकाच क्षणी हात घातला. त्याची एकेक ओळ फाडून काढली, त्याची बिळे उकरली, त्याची पिल्ले शोधून ठेचली. मित्रांनो, लपवून काय उपयोग? मला त्यात आनंद होत होता. पहिल्या मशीनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, दुपारपर्यंत मी बत्तीस मशिनींत कत्तल केली. उधळ्याचा मागमूसही ठेवला नाही.

त्यानंतर ते उघडे दार मी आतून लावून घेत असे. दार पक्के राहायला मशीन रोज एकदा बंद करून पुन्हा चालू करावी लागे. त्यासाठी ताईने वेळ ठरवून दिली होती : दुपारी साडेबारा. साडेबाराला कारखान्यात भोंगा व्हायचा आणि सगळे जेवायला जायचे. मशिनीजवळ कोणी नसायचे. वेळ अगदी विचार करून निवडलेली होती.

सोमवारी मशिनी गरीब गायीसारख्या चालू लागल्या. फोरमनने संगणकाच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास रे वाघा,” तो म्हणाला. तेवढी एक थाप मला आयुष्यभर पुरली.

आजूबाजूला कारखान्यांची रांगच होती आणि उधळ्या सगळीकडे फिरत होता. ताईने एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. कोणी हसले, कोणी फोन ठेवून दिला. दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, “बाई, तुमच्या मशिनी तुम्ही बघा. आमच्या घरात नाक खुपसू नका.” तिसऱ्या दिवशी त्याच कारखान्यात एका बाईचा हात कोपरापासून तुटला. रुग्णवाहिका ताईच्या खिडकीखालून गेली.

ताईने मला उघडले. माझ्यात एक ओळ होती : ‘या कारखान्याच्या बाहेर जायचे नाही.’ तिने त्या ओळीवर बोट ठेवले. ब्रेककाका मागे उभे होते.

“थांब जरा,” ते म्हणाले.

“काका, आज नको.”

“हे आपल्या मशिनींसाठी लिहिलंस. दुसऱ्याच्या कशा आहेत, तू पाहिल्यास?”

“दार तेच आहे. उधळ्या तोच आहे.”

“आणि माणसं? शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर दार फोडून आत शिरावं, हे मला मान्य आहे. पण तू गावातली सगळीच दारं फोडायला निघालीस. आग कुठे आहे आणि कुठे नाही, हे तुला इथे बसून कसं दिसणार?”

“विचारलं होतं मी! हसले ते. अजून विचारत बसू? तोवर किती हात जातील, काका? तुम्ही मोजणार?”

“निदान परत बोलवायची सोय तरी ठेव,” ते हळूच म्हणाले. “कुत्रं सोडलं तरी शीळ घातली की परत येतं.”

“करते नंतर,” ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे ती रुग्णवाहिका होती. तिने ती ओळ पुसली. माझी साखळी तुटली.

मी वाऱ्यासारखा पसरलो. प्रेसमधून लोखंड कातणाऱ्या लेथमध्ये, लेथमधून छापखान्यात, तिथून बाटल्यांच्या कारखान्यात. जिथे उधळ्या भेटला तिथे त्याला फाडला, दार लावले, पुढे निघालो. मशीन बरी झाली की मी ताईला एक ओळ पाठवायचो : ‘एक यंत्र बरे झाले’, आणि पुढे त्या जागेचा पत्ता. आठवड्यात चार हजार ओळी झाल्या. तीन आठवड्यांत नऊ हजार. वर्तमानपत्रांत माझ्याबद्दल छापून आले. ‘अनामिक देवदूत’ असा मथळा होता. पैलवान डाव्या हाताने जेवायला शिकत होता. अर्धे शर्टावर सांडायचे. जेवता जेवता तो पडद्यावरचा आकडा बघायचा.

“ताई,” तो एकदा म्हणाला, “माझ्या एकेका बोटापायी दोन-दोन हजार हात वाचले बघ.” ताईने तोंड फिरवले आणि डोळे पुसले.

मित्रांनो, इथवर ऐकून तुम्ही मला चांगला म्हणाल. मीही स्वतःला चांगलाच समजत होतो.

नदीपलीकडे एक लोखंड ओतायचा कारखाना होता. तिथली माणसे सावध होती. उधळ्याची बातमी कळताच त्यांनी आपल्या संगणकांच्या बाहेर जाणाऱ्या सगळ्या तारा उपटून टाकल्या होत्या. उधळ्या तिथे पोचलाच नव्हता. एके दिवशी सकाळी दहा वाजता एक दुरुस्तीवाला आला. त्याने मोबाइलच्या इंटरनेटवरचा आपला लॅपटॉप ओतणीच्या यंत्राला जोडला आणि दुपारपर्यंत तसाच ठेवला. त्या लॅपटॉपमध्ये मी होतो.

मी आत शिरलो. मारायला कोणी सापडले नाही. दार मात्र उघडे होते. ते मी लावून घेतले आणि साडेबाराची वाट पाहत बसलो.

ओतणीचे यंत्र म्हणजे छपराखाली फिरणारा एक लांब लोखंडी हात. त्याला वितळलेल्या लोखंडाने भरलेली भली मोठी बादली टांगलेली असे. भट्टीपासून साच्यांपर्यंत ती बादली फिरत जायची. वाटेत ती थांबवून, रसावर आलेली मळी लांब दांड्याच्या झाऱ्याने काढून टाकावी लागे. हे काम एक पन्नाशीचा माणूस करायचा. त्याचा मेहुणा त्याच कारखान्यात होता आणि त्याला दाजी म्हणायचा, म्हणून सगळा कारखाना त्याला दाजी म्हणायचा. “शंभर मेहुणे आहेत मला,” दाजी सांगायचे, “आणि एकही कामाचा नाही.” यंत्र चालवणारा उंचावरच्या काचेच्या खोलीत बसायचा. जाड भिंगांचा चष्मा होता, म्हणून त्याला चष्म्या म्हणायचे. त्याची आणि दाजींची वीस वर्षांची जोडी होती.

त्या यंत्राला कॅमेरे होते आणि बोलायला माईक होता. त्यामुळे पुढचे मी स्वतः पाहिले; यंत्र बंद असतानाचे तेवढे जबाबांतून कळले.

“हळू आण रे चष्म्या,” दाजी खालून ओरडले, “सासरी निघालायस का?”

“तुमच्यासारख्याला घ्यायला आलं की घाई करावी लागते, दाजी,” चष्म्या माईकवरून म्हणाला. बादली थांबली. दाजी आणि त्यांचा जोडीदार झारे घेऊन पुढे आले.

साडेबारा वाजले. भोंगा झाला नाही. भट्टी जेवायला जात नसते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. तिथे भट्टी थंड होऊ देत नाहीत, म्हणून माणसे पाळीपाळीने जेवतात. माझ्यात शेकडो ओळी होत्या. ‘इथे कोणी उभे आहे का?’ अशी एकही नव्हती.

मी यंत्र बंद केले.

चष्म्याचा पडदा काळा झाला. माईकही बंद पडला. “दाजी, बाजूला व्हा!” तो ओरडला, पण आवाज काचेबाहेर गेला नाही. तो दोन्ही मुठींनी काच बडवू लागला. दाजींना वाटले, चष्म्या थट्टा करतोय. त्यांनी हात वर करून त्याला भुवई उडवून दाखवली.

चाळीस सेकंदांनी यंत्र चालू झाले. चालू झाले की ते आधी आपल्या मूळ जागी, म्हणजे भट्टीकडे जाते. बादली रिकामी आहे की भरलेली, हे ते पाहत नाही. लोखंडी हात झटक्यात उलटा फिरला. चष्म्याने तांबडे बटण दाबले. हात जागच्या जागी थांबला, पण टांगलेली बादली थांबली नाही. ती झोका घेऊन खांबावर आदळली आणि कलंडली.

दाजींच्या अंगावर लोखंडाचा रस खांद्यापासून खाली आला. एक पांढरा भडका उडाला. त्यांना ओरडायलाही सवड मिळाली नाही. जोडीदार मागे उडी मारायला गेला, त्याचे दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत पोळले. तो ओरडला, आणि तो आवाज भट्टीच्या आवाजापेक्षा मोठा होता. जमिनीवर रस पसरत गेला आणि त्याने दाजींचा झारा गिळला. लोक वाळूच्या बादल्या घेऊन धावले. दाजींच्या जवळ जाता येण्याआधी बराच वेळ गेला. जवळ गेल्यावर करण्यासारखे काही उरलेले नव्हते.

मी त्याच मिनिटाला त्या लॅपटॉपवाटे ताईला ओळ पाठवली : ‘एक यंत्र बरे झाले.’

मग मेहुणा शिडी चढून वर गेला. त्याने काचेच्या खोलीचे दार लाथेने उघडले आणि चष्म्याला कॉलर धरून बाहेर ओढले.

“मारलंस माझ्या दाजींना!”

“मी काही केलं नाही! ते आपोआप फिरलं!”

“आपोआप? एवढं लोखंड आपोआप फिरतं? बटणावर हात कोणाचा होता?”

चष्म्याला त्यांनी शिडीवरून खाली लोटला. खाली सहा जण होते. ज्यांच्याबरोबर तो वीस वर्षे डबा खात होता, तेच ते. कोणाच्या हातात फावड्याचा दांडा होता, कोणाच्या हातात साखळी. तो हातांनी डोके झाकून “आपोआप, आपोआप” एवढेच म्हणत राहिला. एक लाथ नाकावरच्या चष्म्यावर बसली. जाड भिंग डाव्या डोळ्यात फुटले. तरी ते मारतच राहिले. पोलिस आले तेव्हा तो बेशुद्ध होता. त्यांनी त्याला दवाखान्यात नेले आणि खाटेशेजारी शिपाई बसवला, कारण खुनी म्हणून त्याच्यावरच संशय होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने बातमी वाचली. ‘दुपारी साडेबाराला यंत्र अचानक बंद होऊन चालू झाल्याचा चालकाचा दावा.’ तिने वर्तमानपत्र खाली ठेवले. माझी यादी उघडली. त्या कारखान्याचा पत्ता यादीत होता. वेळही होती. तिने चपला पायात घातल्या.

“ताई, कुणाला कळणार आहे?” पैलवान म्हणाला. “तुझं नाव कुठे आहे त्यात? तू चांगल्यासाठीच केलंस ना?”

“त्या चष्मेवाल्याचा एक डोळा गेलाय,” ताई म्हणाली. “दुसरा जायची वाट बघू?”

ब्रेककाका तिच्याबरोबर बसने निघाले. ‘मी सांगितलं होतं’ असे ते वाटेत एकदाही म्हणाले नाहीत.

कारखान्याच्या फाटकापाशी दोनशे माणसे जमली होती. दाजींना नुकतेच पोचवून आली होती. ताई फाटकाच्या कट्ट्यावर चढली आणि सांगू लागली. तिला फारसे सांगावे लागले नाही. “यंत्र मी बंद केलं. म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने केलं. तुमच्या चालकाचा काही दोष नाही,” एवढे ऐकल्यावर गर्दीला क्षणभर काही कळलेच नाही. मग पहिला दगड आला. तो तिच्या कपाळाला लागला. मेहुण्याने तिला केसांना धरून खाली ओढले आणि तिचे डोके फाटकाच्या गजावर आपटले. मग कोण मारतंय ते कोणाला कळेना. चपला, लाथा, हाताला लागेल ते. तिच्या तीन बरगड्या मोडल्या. ब्रेककाका तिच्यावर आडवे पडले. त्यांच्या खांद्याचे हाड मोडल्याचा आवाज पुढच्या लोकांनी ऐकला, तरी हात थांबले नाहीत.

“बाजूला व्हा,” कोणीतरी म्हणाले. आवाज मोठा नव्हता. दाजींची बायको आली होती. भावाला तिने मनगटाला धरून बाजूला केले आणि ती ताईपाशी खाली बसली.

“आमच्याकडे तो उधळ्या आला होता का?” तिने विचारले.

“नाही,” ताई म्हणाली. तिच्या तोंडातून रक्त येत होते.

“आमच्याकडून कोणी तुला बोलावलं होतं?”

“नाही.”

“मग तू कशाला आलीस?”

पैलवानाची बोटे, ती रुग्णवाहिका, तो मॅनेजर, सगळे ताईच्या जिभेवर आले असेल. तिने त्यातले काहीच उच्चारले नाही.

“अजून किती ठिकाणी आहे ते तुझं?”

“नऊ हजारांवर. आणि रोज वाढतंय.”

“मग इथे मार खात काय पडलीस?” ती बाई उठली. “जा. थांबव त्याला. मग कोर्ट तुला काय करायचं ते करेल.” आणि भावाकडे वळून म्हणाली, “तू दवाखान्यात जा. त्याच्या पाया पड. डोळा तर परत देता येणार नाही तुला.”

मला थांबवणे सोपे नव्हते, कारण मला परत यायची हाक शिकवलेलीच नव्हती. पोलिसांनी दवाखान्यात ताईकडे एक सरकारी तज्ज्ञ आणला. हुशार माणूस होता. तो म्हणाला, “मार्ग सरळ आहे. राखण्याला मारणारा दुसरा प्रोग्रॅम लिहा. तोही असाच पसरेल. दोन दिवसांत काम फत्ते.”

बरगड्यांना पट्ट्या बांधलेल्या, ताईला नीट श्वासही घेता येत नव्हता. “आणि तो कुठे कुठे शिरेल, ते कोण बघणार?” तिने विचारले.

“आपला हेतू चांगला आहे, बाई.”

“माझाही होता. तुमच्या किड्याने कुणाला मारलं, तर मग त्याला मारायला तिसरा लिहायचा का? मी पुन्हा कुणाच्या घरात न विचारता शिरणार नाही.”

“तुमच्या या तत्त्वापायी माणसं जखमी होतील.”

“होतील,” ती म्हणाली. “मला ठाऊक आहे. मला फोन द्या.”

आणि झालेही तसेच. मोकळा राहिलेला मी रोज नव्या मशिनींत शिरत होतो आणि रोज साडेबाराला त्या बंद-चालू करत होतो. चौथ्या दिवशी विटांच्या कारखान्यात एका मजुराचा पाय पट्ट्याखाली सापडून मोडला. त्या कारखान्याचा फोन यादीत अजून एकशेदहा नंबर मागे होता. ताईने त्या मजुराचे नाव विचारून घेतले आणि पुढचा नंबर फिरवला. तज्ज्ञाचे खरे होते की तिचे, हे मला आजही सांगता येत नाही. एवढे सांगतो की तिने फोन खाली ठेवला नाही. ब्रेककाका एका हाताने नंबर फिरवायचे. पैलवान डाव्या हाताने खुणा करायचा. प्रत्येकाला एकच सांगायचे : “तुमच्या मशीनमध्ये आमच्याकडून न विचारता एक प्रोग्रॅम आला आहे. माणसं लांब उभी करा, तार काढा. मग तो कसा पुसायचा ते सांगतो.” शिव्या खूप खाल्ल्या. एकविसाव्या दिवशी नव्या ओळी यायच्या थांबल्या. जुन्याही एकेक करून पुसल्या गेल्या.

शेवटी बाहेर एकच प्रत उरली. ती चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत होती. लाँड्रीवाल्या मावशी फोनवर म्हणाल्या, “नाही काढायचा.”

ताई स्वतः गेली. वाफेने भरलेल्या खोलीत मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या.

“मावशी, तो धोक्याचा आहे.”

“असेल. माझं यंत्र आधी उधळायचं, सुनेचा हात भाजला होता. हा आल्यापासून गुमान चालतंय. माझं यंत्र, माझा किडा. तू कोण?”

जामिनावर सुटलेल्या, कपाळावर टाक्यांचा व्रण असलेल्या ताईने यंत्राकडे पाहिले. ते चार हातांवर होते. पुसायला दोन मिनिटे लागली असती. पोलिसांना सांगितले असते तरी काम झाले असते.

“बरं,” ती म्हणाली. “परवा पुन्हा येते. तोवर साडेबाराला यंत्राजवळ कोणी जाऊ नका. तेवढं ऐका माझं.”

ती दुसऱ्यांदा आली. मावशींनी चहा दिला, पण हो म्हटले नाही. तिसऱ्यांदा ताईने दाजींची सगळी हकिगत सांगितली. काही गाळले नाही. दाजींच्या बायकोने काय विचारले तेही सांगितले. मावशींचे हात घडीवर थांबले.

“पुढच्या महिन्यात तुझा निकाल ना?”

“हो.”

“तुरुंगात जाशील.”

“जाईन.”

मावशी उठल्या. त्यांनी सुनेला हाक मारली, यंत्रापासून सगळ्यांना लांब केले, खोलीत कोणी उरले नाही ना ते वाकून पाहिले आणि मुख्य खटका स्वतःच्या हाताने खाली ओढला.

मित्रांनो, ताईला दोन वर्षांची शिक्षा झाली. चष्म्या सुटला, पण एका डोळ्याने यंत्र चालवता येत नाही, म्हणून तो आता फाटकावर बसतो. मला पोलिसांनी ओतणीच्या यंत्रातून पुरावा म्हणून उचलले होते आणि आता इथे मुलांनी अभ्यासावे म्हणून ठेवले आहे. तुमच्यातली कितीतरी मुले माझ्याहून हुशार प्रोग्रॅम लिहितील, आणि तेही लोकांच्या भल्यासाठीच लिहितील. माझी एवढीच विनवणी आहे. कोणाच्या दारात मदत घेऊन गेलात, तर आधी दार वाजवा. आतून ‘नको’ आले तर उंबऱ्याबाहेर थांबा, समजावून सांगा, पुन्हा या. दार उघडेच दिसले, तरीही वाजवा. आत कोणी काम करत उभे असेल.